आत्याबाईंचा मोतीबिंदू आणि माझी धडधड

डोळ्याचं ऑपरेशन आत्याबाईंचं होतं आणि दवाखान्यातल्या पलंगावर मी झोपले होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या माझ्या पायाशी बसून माझे तळवे चोळत होत्या. त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकलेले होते आणि उजव्या डोळ्यावर, कपाळाला, पांढरी चिकटपट्टी लावलेली होती (कोणता डोळा करायचा ते डॉक्टरांनी विसरू नये म्हणून). एका आयाबाईने येऊन हिंदीत विचारलं, "पेशंट कौन है?" तर आत्याबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. दिसत नसल्यामुळे ते बोट बाजूच्या सलाईनच्या खांबाकडे गेलं, पण त्यांचा अर्थ आयाबाईला कळला. तिने मला चादर पांघरली.

हे असं उलटं कसं झालं ते सांगायचं तर आधी माझी धडधड सांगावी लागेल.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या बाजारहत्नूर मंडलात (मंडल म्हणजे लहान तालुकाच). काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली एक बाई कापूस वेचता वेचता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली आणि उठलीच नाही. चांगली हातापायाची, हसतमुख बाई. मी तिच्या मयताला गेले आणि घरी येताना तिचं मरण माझ्याबरोबर चालत आलं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी छातीवर हात ठेवून पाहिला, तर आत काहीतरी धडधडत होतं. आता ते जन्मापासूनच धडधडत असणार, पण तोपर्यंत मी कधी त्याच्या भानगडीत पडले नव्हते. त्या दिवशी पडले, आणि मग ते माझ्या भानगडीत पडलं.

धडधड एकटी आली नाही. तिच्यामागून तिचे सोयरे आले. हाताच्या बोटांत मुंग्या. गळ्यात भाकरीचा घास अडकल्यासारखा गोळा, पाणी प्यायलं तरी खाली न जाणारा. डोकं हलकं, सरकी काढलेल्या कापसासारखं. डावा हात जड (डाव्या कडेवर मी रोज पाण्याची घागर घेते, हे कोणीतरी मला सांगेपर्यंत मला सुचलं नाही). प्रत्येक वेळी मला वाटायचं, झालं, आपला धुरा आला.

आमच्या ह्यांनी मला आदिलाबादला नेलं. छातीला वायरी लावून कागद काढला, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. मला इतका आनंद झाला की तो बसस्टँडपर्यंत टिकला. बसमध्ये बसल्यावर विचार आला, वायरी लावल्या तेव्हा धडधड होत कुठे होती? ती आत्ता सुरू झाली आहे.

सुरुवातीला घरचे घाबरायचे. मग त्यांना सवय झाली. आमचे हे मंडल ऑफिसात कारकून आहेत, सगळं नोंदवून ठेवल्यासारखं बोलतात. मी म्हटलं, "आवो, मले लई घाबरल्यावानी होऊन राह्यलं, मी काई वाचत नाई," की ते पेपर खाली न करता विचारायचे, "अवं, पोळ्याले तं मेली होती ना तू? आता इतक्यात परत?"

मला कशाने बरं वाटायचं तर दंडाला बांधायच्या पट्ट्याने. आमच्या गावच्या आरएमपी डॉक्टरकडे बीपीचं यंत्र होतं. त्याने पट्टा बांधला, फुस्स फुस्स करून हवा भरली आणि "नार्मल" म्हटलं की मी त्या दिवसापुरती जिवंत. मग मी पट्टा शोधत फिरू लागले. आशाताईच्या पिशवीत पट्टा, इच्चोड्याच्या मेडिकलवर पट्टा, शाळेतल्या शिबिरात पट्टा. जत्रेत पाळणा दिसला की पोरं धावतात, तशी मी पट्टा दिसला की दंड पुढे करायची. गंमत अशी की पट्टा दिसल्याबरोबर माझी धडधड वाढायची, आकडा वर जायचा, आणि आकडा वर गेला म्हणून परत मोजावं लागायचं.

तर ही झाली मी. आता आत्याबाईंचं ऐका.

आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस त्यांना आवाजावरून आणि चालण्यावरून कळायचा. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्या म्हणायच्या, "पाहून पाहून जे पाह्याचं ते पाह्यलं." पण माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न जमलं आणि त्यांना अचानक डोळे पाहिजे झाले.

मुलगा मंचेरियलचा, कोळशाच्या खाणीत नोकरीला. पाहायला आला तेव्हा आत्याबाई खाटेवर त्याच्या अगदी जवळ बसल्या होत्या. तो गेल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "कसा आहे पोरगा?"

"चांगला आहे, आत्याबाई," मी म्हटलं.

"माह्या वक्ती बी चांगलाच सांगतला होता." त्या सासऱ्यांबद्दल बोलत होत्या. सासरे वारले, पण त्यांच्या रागाच्या गोष्टी अजून गावात आहेत. ताट भिरकावणं वगैरे. "आवाज गोड आहे याचा. तुह्या सासऱ्याचा बी गोडच होता, पहिल्या दिवशी. राग आवाजात नसते, सूनबाई. डोळ्यात असते. मले तवा कोणी पाहू देलं नाई, डोक्यावरून पदर होता. पाह्याले भेटलं असतं तं मी त्याच पायी उलटी फिरली असती."

"आजी, मी पाह्यलं ना," प्रज्ञा म्हणाली. तिने बी.एड. केलंय, शाळेत शिकवते, ती कोणाला घाबरत नाही.

"तू दात पाह्यले त्याचे. हसून राह्यला होता ना. मले डोळे पाह्याचे आहेत, लग्नाच्या आधी. मंग मी सांगीन."

आम्ही हसलो. पण त्या हसल्या नाहीत. आमच्या घरात राग काय असतो ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, आणि नातीच्या बाबतीत त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नव्हता.

योग असा की त्याच सुमारास शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. आत्याबाईंचं नाव निघालं. ठरलेल्या दिवशी गाडी येणार, निर्मलच्या दवाखान्यात नेणार, ऑपरेशन फुकट. शिबिरवाले म्हणाले, ऑपरेशननंतर महिनाभर धूळ नको, धूर नको, डोक्यावरून पाणी नको. आमच्या ह्यांनी बोटं मोजली. लग्नाला एवढाच वेळ उरत होता. त्या दिवशी झालं तर ठीक, नाही तर लग्नाच्या आधी होणं नाही.

प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस पाहिजे होतं. ह्यांनी सगळी रजा लग्नासाठी राखलेली. प्रज्ञाची शाळा. राहिले मी.

"जाशीन ना तू?" ह्यांनी विचारलं. "का तिथं मरशीन?"

"नाई मरत."

"पाह्य बरं. मायचं काम आहे."

आत्याबाईंनी आदल्या दिवशी दोनदा डोक्यावरून आंघोळ केली, पुढच्या महिन्याची म्हणून. गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि रस्ताभर मला सांगत राहिल्या, डोळा उघडल्यावर काय काय पाहायचं ते. आधी जावयाचे डोळे. मग प्रज्ञा लग्नाच्या पांढऱ्या साडीत. मग घरातल्या डब्यांना खरंच मुंग्या लागतात का मी उगाच सांगते. मी हो हो म्हणत होते, पण माझं लक्ष आत होतं. निर्मलचा घाट लागला, गाडी वळणं घेऊ लागली आणि माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. झालं. धडधड सुरू. मी गुपचूप मनगट धरलं आणि नाडी मोजू लागले. प्रत्येक वळणावर मोजणी चुकायची, परत पहिल्यापासून.

दवाखान्यात सगळ्या म्हाताऱ्यांना एका बाकावर बसवलं, डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसा म्हणून सांगितलं. तिथून पुढे बीपी मोजायची रांग होती. बीपी जास्त असेल त्याचं ऑपरेशन त्या दिवशी करत नाहीत. म्हातारी माणसं डोळे मिटून रांगेत कशी उभी राहणार? म्हणून आम्ही घरच्या माणसांनी त्यांच्या जागा धरल्या. आमच्याकडे हे सगळ्यांना येतं. रेशनच्या दुकानापुढे आपण पिशवी ठेवतो, नळावर घागर ठेवतो, आणि नंबर आला की जातो. इथे पिशवी ठेवून चाललं नसतं, म्हणून मी आत्याबाईंच्या जागी मला ठेवलं. नंबर जवळ आला की त्यांना बाकावरून आणायचं, एवढंच काम होतं. आणि ते काम मी केलं असतं, जर रांगेच्या टोकाला तो पट्टा नसता.

निळा पट्टा होता. नवा. आरएमपी डॉक्टरच्या पट्ट्याचं चिकटायचं गेलेलं, तो हाताने धरून ठेवावा लागायचा. हा एकदम चर्रकन चिकटत होता. मी पाहत राहिले. पुढचा माणूस कमी झाला की माझी धडधड एक पायरी वर. मनात आलं, एकदा आपलंही मोजून मिळालं तर या घाटातल्या धडधडीचा काय तो निकाल लागेल. आधी माझं, लगेच मागून आत्याबाईंचं. कोणाचं काय जातं?

"सुभद्रम्मा?" सिस्टरने पुकारलं. आत्याबाईंचं नाव सुभद्राबाई.

"हाव," मी म्हटलं. म्हणजे, त्यांचीच जागा आहे ही.

"कूर्चो अम्मा," ती म्हणाली आणि स्टुलाकडे हात केला. बस म्हणाली, मी बसले. त्या क्षणी मी तोंड उघडायला पाहिजे होतं. पण मला परक्या माणसापुढे मराठीतसुद्धा बोलता येत नाही, तिथे तेलुगूत काय बोलणार? आणि सिस्टरने माझा दंड ओढला असं मी नंतर घरी सांगितलं, तेही खरं नाही. दंड मीच पुढे केला होता.

तिने हवा भरली. आकडा पाहिला आणि भुवया वर केल्या. त्या भुवया मी पाहिल्या. तिने परत हवा भरली. या वेळी माझं काळीज कानात वाजत होतं. भुवया आणखी वर गेल्या. आणखी एकदा भरली, तेव्हा भुवया पार टोपीखाली गेल्या आणि ती बाजूच्या डॉक्टरला म्हणाली, "बीपी एक्कुव उंदि." एक्कुव म्हणजे जास्त. तेलुगू मला येत नाही, पण भाजीबाजारामुळे तेवढं कळतं.

मग काय, माझा उरलासुरला धीरही सुटला. श्वास भरभर घेऊ लागले, बोटं आखडून वाकडी झाली, ओठ बधिर. दोघांनी मला धरून पलंगावर निजवलं, एक गोळी दिली. छताचा पंखा फिरत होता आणि मी माझ्या मयताची तयारी करत होते. प्रज्ञाचं लग्न पुढे ढकलतील का? की फोटोला हार घालून लग्न लावतील? आणि फोटो कोणता लावतील? माझा एकटीचा फोटो फक्त आधार कार्डावर आहे, आणि त्यात मी आधीच मेल्यासारखी दिसते.

आत्याबाईंना कोणीतरी सांगितलं, तुमच्या सुनेला काहीतरी झालं. त्या भिंतीला हात लावत लावत आल्या आणि पायाशी बसल्या.

"काय होऊन राह्यलं वं तुले?"

"आत्याबाई, जाते मी."

"कुठं?"

"वर."

त्यांनी माझे तळवे चोळायला घेतले. "आता नको जाऊ," त्या म्हणाल्या. "माह्यं ऑपरेशन होऊन जाऊ दे, मंग जाय."

थोड्या वेळाने शिबिरातला मराठी बोलणारा माणूस आला. "सुभद्राबाई कोण? आजी, तुमचं ऑपरेशन आज होत नाई. बीपी लई जास्त आहे. गोळ्या देतो, पुढच्या शिबिराले या."

"माह्यं?" आत्याबाई म्हणाल्या. "मले तं काई वाटत नाई."

"बीपी न वाटताच असते, आजी."

आणि मी? मी पलंगावर पडून काय विचार केला असेल? मला वाटलं, अगं माय, यांचंही बीपी निघालं! दोघींचं एकाच दिवशी. घराण्यातच आहे म्हणायचं. (सासूचं बीपी सुनेच्या अंगात रक्तातून कसं येईल, हे सुचायला डोकं ताळ्यावर पाहिजे.) मला त्या वेळी जरा बरंसुद्धा वाटलं, एकटी नाही म्हणून. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "घाबरू नका आत्याबाई, माह्यं बी तेच निघालं."

 कपाळावरची चिकटपट्टी त्यांनी आपल्या हातानेच ओढून काढली, तिच्याबरोबर भुवईचे चार केसही निघाले. दोनदा आंघोळ करून आलेली बाई, ती पदर नीट करून उठली.

ज्यांची ऑपरेशनं झाली ती माणसं दवाखान्यात राहिली. बीपीमुळे, साखरेमुळे परत पाठवलेली माणसं आणि त्यांच्या घरचे असे आम्ही गाडीत बसलो. घाट चढायला लागल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "सूनबाई, हे बीपी मोजते कसं?"

"दंडाले पट्टा बांधते ना, आत्याबाई. हवा भरते. आवळल्यावानी होते."

"कोणत्या दंडाले?"

"डाव्या."

त्यांनी आपला डावा दंड चाचपला. मग उजवा चाचपला. "मले तं कोणीच पट्टा बांधला नाई वं."

 मागच्या सीटवरच्या एका बुढ्याला सगळ्यात आधी समजलं. तो म्हणाला, "मंग सुभद्राबाईच्या नावावर दंड कोणाचा गेला?" आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेला तोंड केलं.

 "आत्याबाई," मी हळूच म्हटलं, "तो दंड माहा होता."

"म्हणजे माह्यं बीपी नाई?"

"मोजलंच नाई."

"मंग गाडी फिरवायले सांग. अजून उजेड आहे."

दवाखाना फार मागे राहिला नव्हता. डॉक्टर आत काम करत होते. ड्रायव्हरला एवढंच सांगायचं होतं की भाऊ, चूक झाली, गाडी फिरव. मी तोंड उघडलं आणि गळ्यातला गोळा वर आला. मी बसूनच राहिले. शेवटी आत्याबाईंनी स्वतः गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. गाडी थांबली. बायकांना वाटलं आत्याबाईंना लघवीला जायचंय, म्हणून आपणही जाऊन येऊ असं करून सगळ्या उतरल्या आणि झाडामागे गेल्या.

"एमैंदम्मा?" ड्रायव्हरने मागे वळून मला विचारलं. काय झालं म्हणून.

"सांग ना त्याले," आत्याबाई म्हणाल्या.

गाडीतले सगळे माझ्याकडे तोंड करून बसले होते. त्यातल्या निम्म्यांना मी दिसतही नव्हते, तरी मला लाज वाटली. चूक माझी, ती इतक्या लोकांसमोर परक्या भाषेत कशी सांगायची?

"काई नाई," मी म्हटलं.

बायका परत आल्या, गाडी सुरू झाली. आत्याबाईंनी तोंड खिडकीकडे केलं. त्या मला बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता कसं वाटते तुले? धडधड थांबली का?"

थांबली होती. केव्हाच.

घरी आल्यावर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोट धरून हसले. "अवं, रेशनच्या लाइनीत जागा धरते, तं साखर तिथंच बसून आपणच खाते का?" मग आईचं तोंड पाहून त्यांचं हसणं बंद झालं. त्यांनी शिबिरवाल्यांना फोन केले. पुढचं शिबिर लग्नानंतर होतं. प्रज्ञा माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. आत्याबाई मात्र शेजारणींना हसत हसत सांगायच्या, "माह्या सुनेनं माह्या बदल्यात ऑपरेशन करून घेतलं. पण कशाचं, ते डॉक्टरले बी माहीत नाई."

लग्न गावच्या बुद्धविहारात झालं. आत्याबाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. मंगल झाल्यावर नवरानवरी पाया पडायला येणार, तेवढ्यात फोटोवाला समोर उकिडवा बसला, त्यांच्या चेहऱ्यावर दिवा मारून. आत्याबाईंना समोर फक्त उजेड दिसला असणार आणि त्यात एक डोकं. त्यांनी दोन्ही हातांनी फोटोवाल्याचं तोंड धरलं, अंगठ्यांनी त्याचे डोळे चाचपले आणि म्हणाल्या, "माह्या पोरीवर रागावू नको, बावा. चुकली तं सांग, पण ताट फेकू नको."

फोटोवाला गरीब माणूस. तो म्हणाला, "नाई फेकत, आजी."

सगळा विहार हसला. त्यानंतर खरा नवरदेव वाकला, तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "हा दुसरा कोण?" परत हशा. मीही हसले. सगळे हसतात तेव्हा न हसणं बरं दिसत नाही.

मग त्यांनी मला जवळ ओढलं. "सूनबाई, पोरगी कशी दिसून राह्यली? सांग मले."

प्रज्ञा पांढऱ्या साडीत उभी होती. निळी किनार होती. केसांत मोगरा होता, तो एका बाजूने सुटला होता आणि ती तो सारखा वर खोचत होती, लहानपणी रिबीन खोचायची तसा. नवऱ्याशी काहीतरी बोलून ती हसत होती आणि तो तिच्याकडे पाहत होता, रागाने नाही. हे सगळं मला दिसत होतं. आता लिहिताना सुचतंय. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "चांगली दिसते."

त्या वाट पाहत राहिल्या, मी अजून काही सांगेन म्हणून. मग म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर मी ह्यांना आपण होऊन म्हटलं, मला आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात न्या, मनाच्या डॉक्टरकडे. तिथे एक बाई डॉक्टर होती, वयाने प्रज्ञाएवढी. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, आत्याबाईंच्या डोळ्याचंही. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. हिंदीत म्हणाली, "अम्मा, धडकन सच्ची है. खतरा सच्चा नहीं है." माझं दुखणं खोटं आहे असं ती म्हणाली नाही, त्यामुळेच मी तिचं ऐकलं. तिने सांगितलं, नवीन काही झालं तर एकदा दाखवा, पण तेच तेच दहा ठिकाणी मोजू नका. मोजल्याने भीती जेवते आणि मोठी होते. धडधड आली तर येऊ द्या, सोडायचा श्वास लांब सोडा आणि हातातलं काम चालू ठेवा.

आता धडधड आली की मी चुलीशी बसते. फुंकणीने फुंकल्यासारखा लांब श्वास सोडते आणि भाकरी थापते. पहिली भाकरी वेडीवाकडी होते, दुसरी बरी होते. कधी कधी धडधड जास्त टिकते, तेव्हा घरात भाकरी उरतात. ह्यांना टोपलीकडे पाहूनच समजतं. "आज लई भाकरी दिसून राह्यल्या," एवढंच म्हणतात आणि एक जास्त खातात. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण पट्टा दिसला तर दंड पदराखाली घेते.

पुढच्या शिबिराला हे गेले. मला घरीच ठेवलं. आत्याबाईंनी आपला दंड आपणच पुढे केला, आणि सिस्टर म्हणाली म्हणे, आजीचं बीपी तर तरुण पोरीसारखं आहे. दुसऱ्या दिवशी हिरवा चष्मा लावून त्या घरी आल्या.

प्रज्ञा आणि जावई भेटायला आले तेव्हा आत्याबाईंनी चष्मा काढून जावयाला उजेडात बसवलं. किती वेळ पाहिलं त्यांनी. जावई बिचारा पापणी न हलवता बसला, जसा तोच डोळ्याचा पेशंट. शेवटी त्या म्हणाल्या, "बरा आहे. याच्या डोळ्यात काई नाई." प्रज्ञा म्हणाली, "आजी, आता सांगून काय करतं? लग्न झालं ना." त्या म्हणाल्या, "माह्या जिवाले तं समजलं."

मग त्यांनी लग्नाचा अल्बम मागितला. एक एक पान हळू उलटलं. पांढऱ्या साडीतल्या प्रज्ञावर बोट फिरवलं, सुटलेल्या मोगऱ्यावर थांबवलं. एका फोटोत प्रज्ञा त्यांच्या पाया पडत होती आणि त्या भलतीकडेच, पंख्याच्या स्टँडकडे पाहून हसत होत्या. "इथं मी कोणाले आशीर्वाद देऊन राह्यली?" त्यांनी विचारलं. प्रज्ञा हसली. मला हसू आलं नाही. तो फोटो परत काढता येत नाही.

मी चहा घेऊन पुढे झाले. आत्याबाईंनी मान वर केली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. कितीतरी वर्षांनी मी त्यांना नीट दिसत होते.

"सूनबाई, तूच का वं ही?"

"हाव, आत्याबाई."

"मी समजे, सून बिचारी खंगून खंगून काडी झाली असन. रोजच मरते म्हणून मी तुले काई काम सांगो नाई." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घातला. "तू तं भरल्या पोत्यावानी आहे."

जावयासमोर सगळे हसले. मी आत गेले, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि पाहिलं. आत्याबाईंचं खरं होतं. गाल भरले होते, दंड तर ब्लाउजमध्ये मावत नव्हते. मला एवढं बरं वाटलं, वर्षानुवर्षं मरून मरून अशी तब्येत कोणाची असते? मी हसत चुलीशी येऊन बसले, आणि पीठ मळता मळता मनात आलं, माणसाचं वजन असं उगाच वाढत नाही, ही सूज तर नसेल? त्या दिवशी घरात सगळ्यांना पुरून उरतील इतक्या भाकरी झाल्या.